भांडी कोण घासतं, हा सरकारी प्रश्न आहे

ऑस्ट्रेलियाच्या १९९४ च्या स्थलांतर नियमावलीत १.०९अ नावाचा एक नियम आहे. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या दोघांचं नातं खरं की व्हिसापुरतं, हे कशावरून ओळखायचं याची यादी त्यात दिली आहे. पैसा, घर, समाज आणि बांधिलकी असे चार विभाग. त्यातल्या 'घर' या विभागात मुलांचा सांभाळ आणि राहण्याची व्यवस्था यांच्याच पंगतीला घरकामाची वाटणीही बसवली आहे. म्हणजे भांडी कोण घासतं हे तिथला अधिकारी रीतसर विचारू शकतो आणि अर्जदाराला रीतसर उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडे हा प्रश्न विचारायची सोय अजून बायकोलाही झालेली नाही.

आमचा भाचा सध्या या नियमाच्या तावडीत आहे. त्याची जोडीदार (बहीण 'मैत्रीण' म्हणते, मेहुणे काहीच म्हणत नाहीत) मेलबर्नला नोकरीला आहे, तिला तिथं कायम राहायची परवानगी मिळाली आहे, आणि आता तिच्या आधारावर हा ३०९ क्रमांकाचा व्हिसा मागतो आहे. फी नऊ हजार डॉलरांच्या वर, म्हणजे आपले पाच लाखांहून जास्त. एवढ्यात इथं एखादं कार्यालय, केटरर आणि सनईवाला होऊन आहेरही आला असता, असं बहिणीचं म्हणणं. अर्जाआधी किमान सलग बारा महिने दोघांचं नातं 'डी फॅक्टो', म्हणजे लग्नाविना संसाराचं, असायला हवं. दोघं बाणेरला एका वन बीएचकेत दोन वर्षं राहिली. तेव्हा अडचण काय, असं कुणालाही वाटेल. अडचण अशी, की ती दोन वर्षं त्यांनी आपण एकत्र राहत नाही हे सिद्ध करण्यात घालवली आणि त्यात त्यांना दृष्ट लागेल असं यश आलं.

पुण्यात घर शोधायला गेलं की एजंटचा पहिला प्रश्न 'फॅमिली की बॅचलर?' तिसरा पर्याय नसतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं की सज्ञान स्त्री-पुरुषांनी लग्नाविना एकत्र राहणं हा गुन्हा नाही. पण सर्वोच्च न्यायालयाला भाड्यानं घर घ्यावं लागत नाही आणि सोसायटीचे सेक्रेटरी निकालपत्रं वाचत नाहीत. त्यामुळे या दोघांनी घरमालकाला आपण भावंडं आहोत असं सांगितलं. आडनावं वेगळी, तेव्हा मावसभावंडं. (मामेभावंडं म्हटलं असतं तर मुलगी आमच्या खात्यावर जमा झाली असती, म्हणून भाच्यानं ते टाळलं. भाच्याला व्यवहार कळतो.) लिव्ह अँड लायसन्स तिच्या एकटीच्या नावावर. विजेचं बिल मालकाच्या नावावर, गॅसही मालकाच्याच. दारावरच्या पाटीवर अजून मालकाच्या कैलासवासी वडिलांचं नाव. दोन वर्षांच्या संसाराचा एकही कागद दोघांच्या नावानं निघालेला नाही.

आता ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात अशी अट आहे की जोडीदार एकमेकांचे नातलग नसावेत. भाच्याला ते वाचून घाम फुटला. मग कळलं की तिथं नातलग म्हणजे आईबाप, पूर्वज, मुलं-नातवंडं आणि भावंडं, सख्खी किंवा सावत्र, एवढेच. मावसभावंडं चालतात. तेव्हा त्याचं खोटं कॅनबेरात धकून जाईल. ते धकणार नाही ते फक्त त्याच्या आजीकडे.

पुरावे गोळा करायला तो आमच्या दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसला होता. दर महिन्याला अर्धं भाडं त्यानं तिला यूपीआयनं पाठवलं आहे. उत्तम पुरावा. फक्त ते खातं वडिलांबरोबर जॉइंट असल्यानं प्रत्येक व्यवहारापुढे त्यानं 'उसने परत' अशी टीप टाकली आहे. अधिकाऱ्याला यातून एवढंच कळेल की एक मुलगी दोन वर्षं एका गरजू मुलाला दरमहा पैसे उसने देत होती. फोटोंचं तेच. मित्राच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत हा डाव्या टोकाला, ती उजव्या टोकाला, मध्ये चौदा माणसं आणि नवरा-नवरी. महाबळेश्वरच्या फोटोत तो एकटाच आहे, पण त्याच्या खांद्यावर एक हात आहे, मनगटापासून पुढे कापलेला. हात कुणाचा, यासाठी आता वेगळं प्रतिज्ञापत्र करायचं चाललं आहे.

भरीला तिनं स्वतःच्या कायम वास्तव्याच्या अर्जात 'अविवाहित' या रकान्यात खूण केली होती. ती अविवाहितच होती. पण शेजारीच 'डी फॅक्टो' हा रकाना होता आणि तो रिकामा राहिला. तिच्या वडिलांनी अर्ज तपासून दिला होता, त्यांच्यासमोर दुसरा रकाना कसा भरणार? आता तिथलं स्थलांतर खातं म्हणतं, तेव्हा तुम्ही एकट्या होता, मग हे गृहस्थ कुठून आले?

बहिणीचा यावरचा उपाय ठरलेला आहे. "लग्न करून टाका. सर्टिफिकेट जोडा. विषय संपला." ज्यांना हा उपाय उपलब्धच नाही अशीही माणसं आहेत, समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क द्यायला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये नकार दिला, तेव्हा त्यांना बहुधा हे १.०९अ चंच दार ठोठवावं लागतं. पण ज्यांना उपलब्ध आहे त्यांचाही विषय त्यानं संपत नाही. १.०९अ ला १.१५अ नावाचं जुळं भावंड आहे आणि ते लग्न झालेल्यांसाठी आहे. तेच चार विभाग, तेच घरकाम. लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे तुम्ही लग्न केल्याचा पुरावा, संसार केल्याचा नव्हे, असं त्या सरकारचं मत आहे. हे ऐकल्यावर बहीण बराच वेळ मेहुण्यांकडे बघत होती.

त्याच रात्री आमच्या हिनं ती यादी मागून घेतली आणि आमचं प्रकरण तपासायला काढलं. पैशाच्या विभागात आम्ही तरलो. खातं जॉइंट आहे, गृहकर्ज दोघांच्या नावावर होतं. 'दोघं मिळून आखलेले सामाजिक कार्यक्रम' इथं गाडी अडली. लग्नाला गेलो तर ती बायकांत, आम्ही पुरुषांत. मयताला एकानंच जायचं, कारण दुसऱ्यानं दूध घ्यायला घरी थांबायचं असतं. पुढचा निकष एकमेकांकडून मिळणारी सोबत आणि भावनिक आधार. हिनं चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "यात काय लिहू?" आम्ही पेपर उघडला. घरकामाच्या वाटणीपाशी आम्ही दर रविवारी मटण आणतो हे नम्रपणे निदर्शनाला आणून दिलं. ती म्हणाली, "ते खरेदीत येतं." कायद्यात आणखी एक अट आहे, हे सहजीवन 'इतर सर्वांना वगळून' असावं. तिथला अर्थ सरळ आहे, मध्ये तिसरं प्रेमपात्र नको. पण हिनं तो वाक्यखंड दोनदा वाचला आणि आमच्या आईच्या खोलीकडे पाहिलं. तीन तपांच्या संसाराला व्हिसा नामंजूर.

परीक्षा घेण्याची ऑस्ट्रेलियाची हौस तशी जुनी आहे. १९०१ च्या कायद्यानं तिथं येणाऱ्याला श्रुतलेखनाची परीक्षा द्यायला लावता येई: अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतले पन्नास शब्द सांगणार, येणाऱ्यानं लिहून घ्यायचे. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार, म्हणजे नको असलेला माणूस नापास होणार हे आधीच ठरलेलं. १९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा लेखक कितीतरी युरोपीय भाषा जाणतो म्हटल्यावर त्याला स्कॉटिश गेलिकमध्ये बसवलं होतं. ही परीक्षा १९५८ च्या कायद्यानं बंद झाली, आणि त्याच कायद्याच्या पोटात आज ही जोडप्यांची व्याख्या नांदते आहे. आताची परीक्षा न्याय्य आहे हे कबूल करायला हवं; निदान प्रश्नपत्रिका आधी मिळते. बनावट जोडपी असतात, पैसे घेऊन जमवलेलीही असतात, त्यांना गाळायला चाळण लागणारच. आमची तक्रार एवढीच, की या चाळणीतून सराईत बनावट जोडपं आरामात खाली उतरतं. त्याला यादी पाठ असते. ते पहिल्या दिवशी जॉइंट खातं उघडतं आणि दर रविवारी फोटो काढतं. अडकतात ती खरी माणसं, कारण खऱ्या माणसांना आपलं प्रेम फायलीला लावायचं आहे हे आधी सुचत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या काही राज्यांत असं नातं सरकारदरबारी नोंदवता येतं आणि नोंदवलं की बारा महिन्यांची अट सुटते. आपल्या उत्तराखंडातही जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंद आहे. फरक थोडका आहे. तिथं नोंदवलं तर सवलत, इथं महिन्याभरात नोंदवलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी भाचा हळहळला. "मामा, डेहराडूनला राहिलो असतो तर निदान कागद मिळाला असता."

राहता राहिला फॉर्म ८८८. दोघांना ओळखणाऱ्या सज्ञान माणसांनी, हे नातं खरं आहे असं आपल्याला का वाटतं, ते यात लिहून द्यायचं असतं. या जोडप्याबद्दल खरी माहिती सोसायटीच्या वॉचमनला होती. त्याला पहिल्याच आठवड्यात सगळं कळलं होतं आणि दोन वर्षांत त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पण तो आता गावी शेती करतो. मित्रांनी भाच्याच्याच सांगण्यावरून एवढं खोटं बोलून ठेवलंय की आता त्यांच्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तेव्हा तो फॉर्म आमच्याकडे आला.

आम्ही लिहिलं, की मेलबर्नचं घड्याळ आपल्या साडेचार तास पुढे असतं, तिथल्या उन्हाळ्यात साडेपाच. ती तिथं मध्यरात्री जागी राहून भाच्याला फोन करते आणि अर्धा तास त्याच्याशी भांडते. भांडण बहुतेक वेळा त्यानं वेळेवर न जेवण्यावरून असतं. आमच्या मते हे नातं खरं आहे.

भाच्याच्या व्हिसा कन्सल्टंटनं ते वाचलं आणि तो खूश झाला. म्हणाला, 'भावनिक आधार' या सदरात अगदी फिट बसतंय. फक्त त्या फोनांचं बिल जोडा, दोघांचीही नावं असलेलं.