लातुरात समुद्र कसा पाळावा

लातूर-नांदेडहून समुद्र सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. खचून जाऊ नये. हरिहरेश्वरच्या खडकांत ओहोटीला जी डबकी उरतात, त्यातलं शंख-खेकड्यांचं बिऱ्हाड दिवाणखान्यात मांडायचं, तर पुढील सूचना पाळाव्यात.

१. खडक : फुकट. कोकणचा काळा कातळ आणि आपल्या वावरातला धोंडा, दोन्ही साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची लेकरं. बांधावरचा उचलावा; बांध कुणाचा याचा निकाल आधी लावून घ्यावा.

२. पाणी : शंभर लिटर. बोअरचं जड, टँकरच्यात क्लोरीन, म्हणून आरओचंच घ्यावं. आरओ लिटरभर देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, हे मोठ्याने बोलू नये. एप्रिल २०१६ मध्ये याच लातुरात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. तेव्हा टाकी भरताना पडदे ओढून घ्यावेत.

३. मीठ : लिटरला ३५ ग्रॅम, एकूण साडेतीन किलो. स्वयंपाकाचं चालत नाही. मॅग्नेशियम-कॅल्शियमसह मत्स्यालयाचं खास मीठ मागवावं. प्यायचं पाणी आपल्या हाताने खारट होत असताना आजीला त्या खोलीत येऊ देऊ नये.

४. प्रतीक्षा : घाण पचवणारे जिवाणू वाढायला, म्हणजे टाकीची 'सायकल' व्हायला, चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाहुणे "हे काय करायलाव?" विचारतील. "सायकल चालू आहे" म्हणावं. नंतर खेकडे, गोगलगाई सोडाव्यात. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे; हौस आवरावी.

५. उन्हाळा : बाहेर बेचाळीस, आत अठ्ठावीस हवेत. टाकीवर पंखा लावावा. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालावी. कूलर, टाकी आणि माणसं यांत अग्रक्रम कुणाचा, हे घरातल्यांनी मार्चमध्येच ठरवावं.

६. भरती-ओहोटी : कोकणात दर साडेबारा तासांनी भरती येते. टायमरचा पंप ती आणू शकतो. पैसे वाचवायला भरती नळाच्या वेळेवर बेतू नये. कालवं शिंपले मिटून आतली ओल धरतात, पाणी आलं की उघडतात. पण ओहोटीला लागणारा हा दम काही तासांचा. आठ-आठ दिवस दम धरणारी जात टाकीबाहेर राहते आणि पाणीपट्टीही भरते.