काजळाची शेपटी

बी. सरोजादेवी पडद्यावर रडायला लागली की माझं लक्ष कथेवरून उडतं आणि तिच्या काजळावर जाऊन बसतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून सुटलेली ती रेघ कानशिलाच्या दिशेनं जाता जाता टोकाला किंचित वर वळते. नायकानं झिडकारलं, घरदार सुटलं, भर पावसात वणवण झाली तरी शेपटी जागच्या जागी! आपण एक कांदा चिरला तर काजळ गालावर येतं.

केसांची तर आणखीच तऱ्हा. साठच्या दशकातल्या तमिळ नायिकेचा अंबाडा हा खरं तर बांधकाम खात्याचा विषय. आत गंगावन, वर उलटे विंचरून फुगवलेले केस, कानापाशी मुद्दाम चुकार सोडलेली एक बट आणि भोवती मोगऱ्याचा वेढा. १९६६च्या ‘अन्बे वा’ची कथा सिमल्यात घडते, पण तिथल्या डोंगरांकडे बघायला सरोजादेवीच्या केसांनी उसंत मिळू द्यावी ना!

तरीही या नायिकांची नक्कल घरोघर झाली, आणि ती होण्यासारखीच होती. सावित्री अंगानं चांगली भरलेली. के. आर. विजया हसली की शेजारची वहिनी हसल्यासारखं वाटायचं. लोकांनी तिला हास्याची राणीच करून टाकलं होतं. ‘मिस्सियम्मा’त (१९५५) सावित्री ख्रिस्ती शिक्षिका आहे, नोकरीसाठी एका हिंदू मास्तराची बायको असल्याचं सोंग घेते. साधी साडी, नीट बसवलेला पदर आणि नाकाच्या शेंड्यावर राग. यातलं काहीही विकत आणायला मद्रासला जावं लागत नव्हतं. पद्मिनीचं मात्र वेगळं. ‘तिल्लाना मोहनाम्बाळ’मधला (१९६८) तिचा भरतनाट्यमचा साज, दंडातली वाकी, भांगातली बिंदी आणि तो तिरपा कटाक्ष, हे सगळं घरच्या आरशात जमणं कठीण. कटाक्षाचा सराव करताना मान मात्र लचकायची.

यातला बराचसा संसार कृष्णधवल होता, हे मला सगळ्यात मजेचं वाटतं. कांजीवरमची शान काठात. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचा, आणि दोन्ही वेगळे विणून असे गुंतवलेले की ओढून तुटू नयेत. विणकरानं एवढा खटाटोप करायचा आणि पडद्यावर दिसायचं काय, तर फिकट राखाडीवर गडद राखाडी! मोगरा तेवढा लखलखायचा. अबोलीचा वळेसर बिचारा केसांतच विरून जायचा. मग बघणाऱ्या बाईनं ती साडी आपल्या मनानं रंगवायची. एकीच्या डोळ्यांपुढे डाळिंबी, तर तिच्याच जावेच्या डोळ्यांपुढे मोरपंखी. दोघींपैकी कोणाला खोटं म्हणणार?

जयललितांचा पहिला तमिळ चित्रपट ‘वेण्णिर आडै’ (१९६५). नावाचा अर्थच शुभ्र वस्त्र. सेन्सॉरनं त्याला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं आणि नायिका तेव्हा जेमतेम सतरा वर्षांची. म्हणजे तिला पडद्यावर बघायला सगळ्या मोठ्या माणसांना मुभा, फक्त तिलाच नाही.

मुंबईकरांना हा वारसा नवा नाही. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजला तमिळ सिनेमे लागायचे आणि त्याच भागात कांजीवरमची दुकानं नि गजरेवाले. शिवाय तमिळ नायक जेमिनी गणेशनची मुलगी रेखा आहेच. सोहळा कुठलाही असो, जड कांजीवरम, भरगच्च गजरा, लालभडक ओठ, आणि आजूबाजूच्या उघड्या खांद्यांच्या पोरी एकदम शाळकरी दिसायला लागतात.

सावित्रीवरच्या ‘महानटी’ला (२०१८) वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि कीर्ती सुरेशला बघून नव्या मुलींनाही हे वेड लागलं. आमच्या इमारतीतल्या एका कन्येनं परवा जुन्या नायिकेसारखा फोटो काढून घ्यायचा घाट घातला. काजळाच्या शेपटीला अर्धा तास गेला, कारण उजवी वर गेली की डावी खाली. आईच्या कपाटातली राणी रंगाची, हिरव्या काठाची कांजीवरम निघाली, माटुंग्याहून गजरा आला. फोटो छानच आला. मग तिनं फोनवर एकदा बोट फिरवलं आणि सगळं राखाडी करून टाकलं.

आई बघतच राहिली. म्हणाली, “अगं, मग माझी दुसरी साडी नेसायचीस ना! या रंगासाठी मी दुकानदाराशी तासभर भांडले होते.”