उजेडातली भानगड

डार्करूममध्ये मला कोणी त्रास देत नाही. मध्येच दार उघडलं तर कागद वाया जातो, हे घरात सगळ्यांना पटलेलं आहे. लाल दिवा लागला की गॅस सिलिंडरवाल्यालाही बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात. माझी फजिती होते ती आदल्या संध्याकाळी. कारण पावडरीतून कागदाचा डेव्हलपर, म्हणजे कागदावर फोटो उमटवणारं द्रावण, कालवायला अंधार लागतच नाही. हे काम चालतं बाल्कनीतल्या टेबलावर, लखलखीत ट्यूबखाली, आणि त्यावर मत द्यायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला आहे. समोरच्या बाल्कनीलाही आहे.

पूर्वी मी तयार पाकीट आणत असे. कोडॅकचं डेक्टॉल. मोठं पाकीट घेतलं की जवळजवळ चार लिटर होतं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "अर्धंच करा की. उरलेलं रबर लावून ठेवू." पुण्यात अर्धं पाकीट आणि रबर ही जीवनपद्धती आहे, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण डेव्हलपरचं पाकीट अर्धं करता येत नाही. आत निरनिराळ्या पावडरी असतात, त्यांचे कण लहानमोठे, आणि प्रवासात हादरे खात त्या आपापल्या जागा धरतात. वरच्या अर्ध्यात एकच औषध जास्त आलं तर तो डेव्हलपर राहत नाही. हे मी सविस्तर समजावलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग आधी हलवून घ्यायचं."

म्हणून मी सुट्या मालाकडे वळलो. डेक्टॉलचा सख्खा भाऊ म्हणावा असा डी-७२, याचं सूत्र जगजाहीर आहे. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम. वापरताना एकास दोन पाणी. यातला कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. घरात ओळख निघाली ती एवढ्या एकाचीच. बाकी सगळ्या पांढऱ्या, पांढुरक्या पावडरी पारदर्शक पिशव्यांतून टेबलावर मांडल्या की समोरच्या बाल्कनीतले काका पेपर खाली ठेवतात.

सासरे मात्र शास्त्रीय वृत्तीचे. ते भिंगातून एकेक लेबल वाचतात आणि मोबाइलवर पडताळून पाहतात. हायड्रोक्विनोनपाशी ते थबकले. "अहो, हे तर वांगावरच्या मलमात असतं. याने रंग उजळतो म्हणे!" खरं आहे. मलमात ते त्वचेचा काळेपणा कमी करतं आणि माझ्या ट्रेमध्ये मेटॉलच्या जोडीने, उजेड लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणांची काळी चांदी करतं. फोटोतले गडद काळे रंग बरेचसे त्याच्याच कृपेचे. सासऱ्यांनी मान डोलावली, पण ती फक्त वाक्याच्या पूर्वार्धाला होती, हे मला पुढे कळलं.

आता कालवणं. पाणी ५० अंशांच्या आसपास हवं. मेटॉल पहिला, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात तो विरघळायला तयार नसतो. पण सल्फाइट हाच त्याला हवेपासून वाचवणारा. म्हणून जुने लोक मेटॉलच्या आधी सल्फाइटची नुसती चिमूट टाकतात आणि बाकीचं नंतर. मेटॉलने काहींच्या हातांवर पुरळ उठतं, म्हणून हातमोजे. पावडर नाकात जायला नको म्हणून मास्क. या वेषात स्टीलच्या पातेल्यात काचेची कांडी फिरवणाऱ्या माणसाकडे बघून बायको हसते, पण कार्बोनेटची पाळी आली की हसणं थांबवून ती पुढे होते. कार्बोनेट भसकन ओतला की तळाशी दगड बसतो. पिठलं हाटताना बेसनाचं होतं तेच. "वरून भुरभुरवा आणि हात थांबवू नका," असं ती म्हणते, आणि पुस्तकांनी अर्धं पान खर्चून याहून जास्त काही सांगितलेलं नाही. ते पातेलं मात्र स्वयंपाकघरातून कायमचं हद्दपार झालं आहे. त्याबद्दल घरात अजून दुखवटा आहे.

खरी मौज तापमानाची. ही पुस्तकं कोडॅकच्या रॉचेस्टर गावाच्या किंवा इंग्लंडच्या नळाच्या भरवशावर लिहिलेली. पाणी तापवा म्हणतात. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तापवण्याची बात सोडा, त्यात हात बुडवायलाच धीर लागतो. फुकटात अर्धं काम होतं. पण वापरताना द्रावण २० अंशांवर हवं, आणि पुण्यात एप्रिलमध्ये २० अंश फक्त फ्रिजकडे जाताना लागतात. त्यात निर्जल कार्बोनेट विरघळताना उष्णता सोडतो, म्हणजे डेव्हलपर आणखी तापतो. फोटो पक्का करणाऱ्या हायपोचे खडे विरघळताना उलट पाणी गारठवतात, भांड्याला बाहेरून दव येतं. ज्याला गारव्याची फारशी पडलेली नाही तो गार, आणि ज्याला हवा तो तापलेला. मग बर्फ पिशवीत बांधून ट्रेखालच्या पाण्यात सोडायचा. थेट टाकला तर डेव्हलपर पातळ होतो, आणि पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ संपला ही तक्रार तर दोन्ही प्रकारांत येतेच.

उरलेलं द्रावण तपकिरी बाटलीत काठोकाठ भरतात, कारण हवा लागली की ते काळवंडून निकामी होतं. बाटली अर्धी झाली की जुनी युक्ती अशी, की आत काचेच्या गोट्या टाकायच्या, म्हणजे पातळी वर येते. गोट्या आणायला मी खेळण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने नातवाचं वय विचारलं. मी म्हटलं, बाटलीत टाकायच्यात. त्याने पुढे काही विचारलं नाही, सुटे पैसे मात्र लांबूनच दिले. बाटलीवर लाल अक्षरांत "विष" लिहून ती कपाटात कुलपात असते.

यंदाच्या ताज्या डेव्हलपरमध्ये पहिला फोटो सासऱ्यांचाच केला. लाल उजेडात कागदावर आधी भुवया आल्या, मग मिशी, आणि दीडेक मिनिटात सगळे सासरे. दुसऱ्या दिवशी कागद वाळल्यावर मी तो समारंभपूर्वक पुढे केला. त्यांनी भिंग काढलं. फोटो बराच वेळ पाहिला.

"फोटो झकास आहे," ते म्हणाले. "पण ते उजळण्याचं औषध तुम्ही बारा ग्रॅम घातलं होतं ना? मग मी एवढा काळा कसा?"

सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बारा ग्रॅममध्ये जेवढं होण्यासारखं होतं, तेवढं त्यांनी केलं."