गाइल्स शील्डची वारी

चिरंजीवांचा गाइल्स शील्डचा सामना आझाद मैदानावर असला की डोंबिवलीकर पित्यास पहाटेच प्रस्थान ठेवावे लागते. कारण चौदा वर्षांखालील फलंदाजापेक्षा त्याचे किट वजनाने आणि रुबाबानेही मोठे असते, आणि ते घेऊन साध्या डब्यात शिरण्याची मुभा गर्दी देत नसल्यामुळे पित्याची रवानगी मालडब्यात होते. तेथे पाट्यांच्या तटबंदीमागे बसलेल्या एका मावशींनी त्या लांबलचक पिशवीचे निरीक्षण करून, “भजनाला कुठं निघालात?” अशी पृच्छा केली. खुलासा करण्याइतका श्वास दादरपर्यंत मिळाला नाही.

एकाच वेळी २२ खेळपट्ट्या वागवणारे आझाद मैदान हा भूमितीला न जुमानणारा मुलूख आहे. एका सामन्याचा मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाशी पाठीला पाठ लावून उभा असतो, आणि हद्दीची ही सरमिसळ पंचांना समजत असली तरी पालकांना समजत नाही; वसईच्या एका सद्गृहस्थांनी ज्या डावखुऱ्या मुलाला तासभर “चाबूक!” म्हणून दाद दिली, तो अखेर शेजारच्या सामन्यातला निघाला. त्यांचा कुलदीपक पाण्याच्या बाटल्या वाहत होता.

तंबूच्या सावलीत बसलेल्या पितृवर्गास ६६४ हा आकडा गायत्रीमंत्रासारखा मुखोद्गत असतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळी यांनी ही अभेद्य भागी याच मैदानावर रचली, आणि ती ‘समक्ष पाहिली’ म्हणणाऱ्यांची एकूण बेरीज केल्यास बोरीबंदरापर्यंत रांग जाईल. २०१६ साली कल्याणात प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्यापासून तर आमच्या मार्गावरील पित्यांना तीन आकडी धावसंख्या किरकोळ वाटू लागली आहे.

आमच्या चिरंजीवांनी चार धावा केल्या आणि ते पायचीत झाले. येथून सामन्याचा खरा, म्हणजे सीमारेषेबाहेरचा, भाग सुरू झाला. खेळपट्टीशी काटकोन करून ऐंशी पावलांवर बसलेल्या आम्हा सर्वांस चेंडू डाव्या यष्टीबाहेर जात असल्याचे स्वच्छ दिसले होते; एकाने वहीत आकृती काढली, दुसऱ्याने पंचांच्या चष्म्याविषयी तहकिकात आरंभली, आणि एका माउलीने थालीपीठ वाढतावाढता अपिलाची तजवीज काय असते, असे विचारले. प्रशिक्षकांनी मात्र आमच्याकडे एकदाच असे पाहिले की दरखास्त जागच्या जागी दप्तरदाखल झाली.

स्टेशनाकडे परतताना, खांद्यावर किट घेऊन, चेंडूचा टप्पा, वळण आणि वाऱ्याची दिशा यांच्या आधारे मी त्या अन्यायाची साद्यंत कैफियत मांडत असता, ज्याने बाद केले त्याच गोलंदाजाबरोबर वडापाव खात पुढे चाललेले चिरंजीव मागे वळून म्हणाले,

“बाबा, प्लम होतो मी. अजून वीस रुपये द्या ना.”