वाचा, वाचा!

माइकच्या स्टँडची मान हा एक स्वतंत्र प्राणी आहे. ऑपरेटर ती वक्त्याच्या हनुवटीपर्यंत आणतो, स्क्रू पिळतो, लांबून अंगठा दाखवतो आणि मंडपामागे तंबाखू मळायला जातो. वक्ता ‘सन्माननीय’ म्हणेपर्यंत मान ताठ असते. ‘व्यासपीठ’ म्हणेपर्यंत ती बोटभर खाली येते. पुढे ती इतकी सावकाश वाकत जाते की वक्त्याच्या लक्षातही येत नाही. तोही तिच्याबरोबर वाकत जातो आणि मागच्या रांगेला वाटतं, पाहुणे भलतेच विनम्र दिसतात.

प्रस्तुत लेखकाचं आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण अशा काटकोनात झालं. सोसायटीच्या गणेशोत्सवातला बक्षीस समारंभ होता. लिंबू-चमचा, संगीत खुर्ची आणि पाककला यांतल्या विजेत्यांना स्टीलचे डबे वाटायचे होते. ठरलेले पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले, तेव्हा सेक्रेटरींनी लेखकाच्या खांद्यावर हात ठेवला. “काका, तुम्ही लिहिता ना? मग बोला की दोन शब्द!”

लिहिणाऱ्याला बोलता येतं, असं मानणं म्हणजे पोहे करणाऱ्याला पोहता येतं असं मानण्यासारखं आहे. शिवाय ‘दोन शब्द’ हे मराठीतलं एक फसवं माप. दोन शब्द म्हणजे किमान पंचवीस मिनिटं. चार शब्द म्हणजे घरी फोन करून ‘तुम्ही जेवून घ्या’ म्हणून सांगावं. आणि कुणी ‘मी फार वेळ घेणार नाही’ म्हणालं, तर जाणकार श्रोते चपला कुठे काढल्यात ते आठवू लागतात.

लेखकाने अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, महिला मंडळ, परीक्षक, मंडपवाले आणि बालगोपाळ अशा सर्वांना क्रमाने वंदन केलं. कुणी राहून गेलं तर पुढचं वर्षभर पाण्याच्या टाकीवरून बोलणी खावी लागतात. वंदन संपलं तेव्हा लक्षात आलं की सांगायचं काहीच उरलेलं नाही. तोंड कोरडं पडलं होतं, जीभ टाळ्याला चिकटली होती. अशा वेळी बुडणारा माणूस काडीला धरतो, तसं लेखकाने चौथीतलं भाषण धरलं.

ते भाषण मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगात कुठेतरी देवीच्या व्रणासारखं असतं. १ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती. दोन्हींचं साल एकच, १९२०. त्या दिवशी पहिल्या तासाला, दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत, पोरं ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ एका श्वासात म्हणतात. आईने आरशासमोर बसवून दिलेले हातवारे वाक्याच्या एक तर आधी होतात, नाही तर नंतर. मध्येच अडलं की पुन्हा ‘अध्यक्ष महाशय’पासून गाडी सोडावी लागते, कारण पाठ केलेल्या भाषणाला मधल्या स्टेशनावर चढता येत नाही.

तर टिळकांची शेंगांची गोष्ट. सार्वजनिक गणेशोत्सव आणि टिळक यांचं नातं पाहता ती खपून जायलाही हरकत नव्हती. पण लेखक बाणेदारपणे गरजला, “मी शेंगा उचलणार नाही! मी टरफलं खाल्ली नाहीत!”

मंडप क्षणभर गप्प झाला. मग पहिल्या रांगेतल्या वीसेक पोरांनी एका सुरात योग्य वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या, त्या पोरांना. संपूर्ण भाषणात मंडप जागा होता तो तेवढाच.

पुढे बरेच दिवस लेखक लिफ्टऐवजी जिन्याने जात असे. त्याला दिलासा मिळाला तो गांधीजींच्या आत्मचरित्रात. लाखोंच्या सभा ज्यांच्या शब्दासाठी खोळंबायच्या, त्या माणसाची सुरुवात या मंडपापेक्षाही बिकट होती. लंडन सोडताना तिथल्या शाकाहारी मित्रांना त्यांनी होबर्न रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं. बोलायला विनोदी भाषण तयार होतं: पार्लमेंटमध्ये बोलायला उठलेला ॲडिसन तीनदा एकाच शब्दावर कसा अडखळला, त्याचा किस्सा. गांधीजी उठले आणि पहिल्या वाक्यातच थांबले. अडखळणाऱ्या वक्त्याचा किस्सा सांगताना वक्ताच अडखळला. पाहुण्यांचे कसेबसे आभार मानून ते खाली बसले.

मुंबईत पहिला दावा मिळाला तो स्मॉल कॉज कोर्टात. ममीबाई नावाच्या बाईंचा, फी ३० रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं. कोर्टही फिरत असल्यासारखं वाटलं, एकही प्रश्न सुचेना. ते बसले, फी परत केली आणि पटेल वकिलांना घ्या म्हणून सांगितलं. पटेलांनी ५१ रुपये घेतले. न बोलण्याचा खर्च २१ रुपयांनी वाढला तो असा.

पण मराठी वाचकाने उठून बसावं असा प्रसंग १८९६ सालचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची दुर्दशा सांगायला गांधीजी मुंबईत आले होते. फिरोजशहा मेहतांनी सभा ठरवली आणि भाषण लिहूनच आणा म्हणून बजावलं. सभागृह गच्च भरलं. गांधीजी वाचू लागले, पण आवाज थरथरत होता आणि पहिल्या काही रांगांपलीकडे जात नव्हता. मेहता ‘मोठ्याने, अजून मोठ्याने’ म्हणत होते, तसतसा तो आणखी खाली जात होता. शेवटी जुने मित्र केशवराव देशपांडे मदतीला धावले आणि कागद त्यांच्या हाती गेला. त्यांचा आवाज सभेला साजेसा होता. तरी लोक ऐकेनात. सभागृहात एकच घोष उठला: “वाचा! वाचा!”

इथे मराठी माणूस चक्रावतो. बिचारे वाचतच तर होते, आणखी काय वाचायचं? पण लोकांना दिनशा वाच्छा हवे होते, ज्यांचं आडनाव गर्दीच्या तोंडी नेमकं आज्ञार्थासारखं ऐकू येतं. वाच्छा उठले, त्यांनी तेच कागद हाती घेतले आणि सभा चिडीचूप झाली. शब्द तेच होते. एकाची वाचा बसली होती, दुसऱ्याला लोक ‘वाचा’ म्हणत होते, आणि जो वाचायला उठला तोच वाच्छा निघाला. इतका श्लेष कोटी करायला बसलेल्या माणसालाही साधला नसता.

योगायोगाची हौस तेवढ्यावर फिटली नाही. १९०१ साली कलकत्त्याला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, अध्यक्ष हेच वाच्छा. दक्षिण आफ्रिकेवरच्या ठरावावर बोलायला गांधीजींना पाच मिनिटं मिळाली. मध्येच घंटा वाजली. ती दोन मिनिटं उरल्याची सूचना होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते मनातून दुखावले आणि तडक खाली बसले. आजच्या वक्त्याला ही गोष्ट सांगून पाहावी. त्याचा विश्वास बसणार नाही. घंटा वाजली की आता ‘मूळ विषयाकडे’ वळायचं, अशी आजची रीत आहे. काहींच्या बाबतीत तर ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम आणि रात्रीचे दहा यांखेरीज दुसरं कोणी कामाला येत नाही. गांधीजींनी मात्र पुढे लिहून ठेवलं की या बुजरेपणानेच त्यांना शब्द जपून वापरायला शिकवलं.

लेखकाने यावरून धडा घेतला तो चुकीचा. त्याला वाटलं, आवाज कमवायला हवा. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा ना माइक होता ना कर्णा. शेवटच्या बाकापर्यंत छातीच्या जोरावर पोचावं लागे. म्हणून लेखक टेकडीवर जाऊन ओरडू लागला. दोन कुत्री आणि एक निवृत्त कर्नल एवढे श्रोते जमले. पैकी कर्नल दुसऱ्या दिवसापासून वेगळ्या वाटेने जाऊ लागले.

खरी शिकवणी मिळाली ती पेठेतल्या एका देवळात, आणि तीही आईला कीर्तनाला पोचवायला गेला म्हणून. नारदीय कीर्तन हे भाषणाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत चतुर यंत्र आहे. नमन होतं, पण ते गाऊन, आणि चटकन. मग एक अभंग आणि त्यावरचं निरूपण, हा पूर्वरंग. डोक्याला ताण पडेल असं सगळं तिथे उरकून घेतात, श्रोता ताजा असताना. माना डुलू लागल्या की नामगजर. टाळ्या वाजवायला लावल्यावर झोपणार कोण? मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे निव्वळ गोष्ट. आता कोणी उठत नाही, कारण पुढे काय झालं ते कळायचं असतं.

आणि एक बारकावा लेखकाने त्या रात्री पहिल्यांदा नीट पाहिला. बुवांना हार घातला, बुक्का लावला तो पूर्वरंग संपल्यावर, मधल्या गजरात. आधी तासभर बोलून दाखवा, मग हार. आपल्या समारंभांत पाहुणा येताक्षणी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि काचेची पेटी घेऊन मोकळा होतो. त्यानंतर त्याने बरं बोलावं, याला कारण काय उरतं?

गाडगेबाबांकडे तर टाळमृदंगाचाही थाट नव्हता. शाळेचं तोंड न पाहिलेला, गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घेणारा हा माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला की सांगण्यापेक्षा विचारतच जास्त असे. देव नैवेद्य खातो का? कर्ज काढून सण करावा का? पोराला शाळेत घालाल का? समोरून हजारो गळे ‘नाही’, ‘नाही’, ‘होय’ म्हणत. जो तोंडाने एकदा ‘नाही’ म्हणाला, तो उद्या कर्ज काढताना निदान इकडेतिकडे बघेल. सोसायटीतली वीस पोरं शेंगा-टरफलं ओरडली तेव्हा नकळत हेच घडलं होतं. लेखकाला वाटलं होतं, आपली फजिती झाली. खरं तर त्याच्या हातून झालेलं ते एकमेव कीर्तन होतं.

यावर कुणी आचार्य अत्र्यांचं नाव काढील. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये अत्रे उभे राहिले की शिवाजी पार्क हसून हसून लोळायचं आणि घरी जाताना मुठी आवळून जायचं. त्यांच्या ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ला पुराव्याची गरज नसे, कारण ते बोलणाऱ्याचा आवाका मोठा होता. आज गल्लीतल्या क्रिकेट सामन्याचा समालोचकही दहा हजार वर्षांमागे जातो. उलट टोकाला प्राचार्य शिवाजीराव भोसले. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत, हाती कागद नाही. संथ, घडीव वाक्यं एकामागून एक येत राहत आणि सभागृह ऐकत राही. या दोघांची नक्कल करायला निघालेले कित्येक जण महाराष्ट्रात आजही भेटतात. अत्र्यांची नक्कल करणाऱ्याचा घसा जातो आणि भोसल्यांची करणाऱ्याचा श्रोता.

लेखकाने मग व्यवहारी मार्ग धरला. १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी राल्फ स्मेडली यांनी ‘टोस्टमास्टर्स’ नावाची मंडळी जमवली. आज जगभर तिचे क्लब आहेत आणि लेखकाच्या भाचीने त्याला त्यातल्या एकात ढकललं. तिथे पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल इशारा देतात. आणि एक माणूस वही घेऊन नुसते अडखळे मोजत बसतो. लेखकाच्या सहा मिनिटांत एकतीस ‘म्हणजे’, अकरा ‘ॲक्च्युअली’ आणि नऊ ‘काय आहे की’ निघाले. हिशेब केल्यावर कळलं, मूळ मजकूर साडेतीन मिनिटांचा होता. गंमत अशी की ‘म्हणजे’ गिळून तिथे नुसतं गप्प राहिलं की लोक वर बघतात. पु. लं.च्या एकपात्री प्रयोगांत हशा पिकायचा तो पुष्कळदा शब्दावर नाही, शब्दाआधीच्या थांबण्यावर. त्यांना तो थांबा येत होता. लेखकाला निदान ‘म्हणजे’ गिळता येऊ लागला.

भाचीने आणखी एक ऐकवलं. छातीत धडधडतं ते सगळ्यांना दिसतंय असं वक्त्याला वाटतं, पण लोकांना त्यातलं फारच थोडं दिसतं. सॅवित्स्की आणि गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हे प्रयोगाने दाखवलं. इतकंच नाही, ज्यांना हे आधी सांगून ठेवलं ते वक्ते बोललेही बरे. “म्हणून मामा,” ती म्हणाली, “पाय कापू देत. टेबलाला कापड लावलेलं असतं.”

यंदा सोसायटीचे वॉचमनकाका बावीस वर्षांनी गावी परत जाणार होते. निरोपाला पुन्हा लेखकाचं नाव निघालं, पर्याय नसल्यामुळे. या वेळी त्याने कुणालाच वंदन केलं नाही. उभा राहिल्या राहिल्या विचारलं, “२६ जुलैच्या पुरात गाड्या कुणी ढकलल्या?” मंडप म्हणाला, “काकांनी!” “रात्री दोनला गेटचं कुलूप कुणी काढलं?” “काकांनी!” मग त्याने एकच गोष्ट सांगितली, तळमजल्यावरच्या आजींना काकांनी खुर्चीसकट दवाखान्यात कसं नेलं ती, आणि तो बसला. चार मिनिटं झाली होती. माइकची मान अजून हनुवटीशी होती.

टाळ्या पडल्या आणि मग काहीच घडेना. सूत्रसंचालिका चहाला गेली होती. आभार मानणारे खजिनदार अजून घरी कपडे बदलत होते. ऑपरेटर मंडपामागे घोरत होता. सेक्रेटरी घामाघूम होऊन लेखकाच्या कानाशी आले.

“काका, हे काय केलंत? नमनाला घडाभर तेल जातं म्हणून आम्ही निवांत होतो. वडेवाल्याने अजून कढई चढवलेली नाही. उठा, अजून वीस मिनिटं काढा.”

“पण बोलून झालं.”

“शेंगांचं सांगा ना,” सेक्रेटरी म्हणाले. “पोरं वाट बघतायत.”