हंटरवालीचं ऐकलंत का?

अहो, इकडे या जरा, कुंपणापाशी. ऐकलंत का? समोरच्यांची धाकटी सून जिमला जाते ते ठाऊकच आहे तुम्हाला, पण ती म्हणे तिथे चांगल्या प्लेटा-बिटा लावून वजनं उचलते! सासूबाईंचं तोंड बघायला हवं होतं. भाजीवाल्यापाशी मला गाठून म्हणतात, "बाईच्या जातीला शोभतं का हो हे?" मी म्हटलं, तुमच्या सासूबाईंच्या काळात नादिया आख्खे पुरुष डोक्यावर उचलून फेकत होती, आणि लोक तिकीट काढून टाळ्या पिटत होते! गप्पच झाल्या. कोथिंबीर तशीच राहिली घ्यायची.

तर काय सांगत होते... हां, नादिया. फिअरलेस नादिया हो, आपली हंटरवाली! खरं नाव मेरी एव्हान्स. जन्म तिकडे ऑस्ट्रेलियात, पर्थला, १९०८ सालचा. पण लहानपणीच मुंबईत आली, मग पेशावरला. घोड्यावर बसणं, बंदूक चालवणं सगळं तिकडचंच. परत मुंबईला आली तर दुकानात सेल्सगर्ल! टायपिंग-शॉर्टहँड शिकायचंही मनात होतं म्हणे. त्यात अंगानं भरलेली, म्हणून बारीक व्हायला एका रशियन बाईंकडे नाच शिकायला गेली. त्या नाचापायी दौरे घडले, सर्कशीतही काम केलं. बारीक काही फारशी झाली नाही हं. बरंच झालं, नाहीतर ते गडी उचलले कुणी असते!

मग सिनेमात आली, वाडिया मूव्हीटोनमध्ये. परळला, लवजी कॅसलमध्ये होता बघा त्यांचा स्टुडिओ, पुढे तिथेच शांतारामबापूंनी राजकमल काढलं. तर थोरले वाडिया, जमशेदजी, हिला म्हणाले, नाव नंदादेवी घे आणि काळ्या वेणीचा टोप घाल. ही कसली ऐकते! मी गोरी बाई, वेणीत मूर्ख दिसेन, असं तोंडावर सांगितलं. नवखी पोर नि शेठजींना उलट उत्तर... पण माणूस मोठ्या मनाचा, राग न धरता उलट खूशच झाला.

आणि १९३५ ची 'हंटरवाली'! तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, राजकन्या निघाली गरिबांना न्याय द्यायला. सहा महिने खपून सिनेमा केला, तर वितरक एकेक करून पाठ फिरवायला लागले. हिरोला बाजूला सारून बाईच मारामारी करते, कोण बघणार म्हणे! शेवटी वाडियांनी एका भागीदाराला घेऊन स्वतःच ग्रँट रोडच्या सुपर सिनेमाला लावला, आणि तो 25 आठवडे हलला नाही. नाही म्हणणाऱ्यांची तोंडं... जाऊ दे, तुम्हीच डोळ्यांपुढे आणा.

अहो, डुप्लिकेट नाही, काही नाही. गाडीच्या टपावर मारामारी करायची ती स्वतः, झुंबराला लोंबकळायची ती स्वतः. माणूस उचलायचा म्हणजे नुसते दंड पुरत नाहीत बरं का, जोर मांड्यांतून आणि कमरेतून यावा लागतो. शिवाय वरच्यानं ओंडक्यासारखं ताठ राहायचं. तो घाबरून वळवळला की दोघं खाली. जोडीला जॉन कावस, तोही पक्का शरीर कमावलेला. 'जंगल प्रिन्सेस'मध्ये तर सिंहांबरोबर काम! नंतर मात्र वर्षानुवर्षं हिरॉइनच्या जागी पुरुषालाच घागरा नेसवून उड्या मारायला लावायचे. 'शोले'त बसंतीचा टांगा उधळला ना, तिथे रेश्मा पठाण होती. तिचं नाव आपल्याला कळायला किती वर्षं जावी लागली! ह्याचा मला फार राग येतो हो.

काय सांगत होते... हां, खरी गोष्ट तर राहिलीच! धाकटे वाडिया, होमी, तेच तिचे दिग्दर्शक. दोघांचं जमलं. पण होमींच्या आईला ही पसंत नाही. टपावरून टपावर उड्या मारणारी बाई, पण त्या म्हातारीपुढे काही चाललं नाही. थांबली बिचारी, आणि तोही थांबला. म्हातारी गेल्यावर, १९६१ साली लग्न झालं. बाई तेव्हा 53 वर्षांची, होमी पन्नाशीचे. मला सांगा, इतकं थांबणारा पुरुष आज दाखवा एखादा! आमच्याकडे चहा थंड झाला तर...

असो. साठीला आली तरी १९६८ च्या 'खिलाडी'त उभीच होती, आणि १९९६ च्या जानेवारीत गेली, 88 पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुम्ही असं करा, 'मिस फ्रंटियर मेल' मिळवा कुठूनतरी, १९३६ चा आहे. समोरच्या सासूबाईंनाही बोलवा. टपावरची मारामारी बघा, आणि मग त्यांनाच विचारू, बाईच्या जातीला काय काय शोभतं ते.