हत्ती गेला, खुर्ची राहिली

"काका, अहो एकच तर पायरी आहे!"

जुन्या वाड्याच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली गाण्याची मैफल ठरली की पुण्यात हे वाक्य हमखास ऐकू येतं. व्हीलचेअरवरच्या रसिकाने तिकीट काढण्याआधी फोन करून विचारायचं, खुर्ची आत येईल ना? पलीकडून आधी एक आश्वासक हसू, मग हे वाक्य आणि लगोलग त्याचा उत्तरार्ध : "आपली चार मुलं आहेत ना, अलगद उचलून नेतील."

चार मुलं. नेमकी चारच. चौघांनी उचलून नेण्याची वेळ कुणालाच चुकलेली नाही. फक्त तेव्हा तिकीट काढावं लागत नाही आणि आत यमन सुरू झाला असेल का, ही धाकधूकही नसते. इथे मात्र काकांनी शुद्धीवर राहून, अख्ख्या रांगेदेखत, "डावीकडून धर, अरे चाक धरू नको, फिरतंय ते" अशा गजरात आत जायचं. मध्यंतरात स्वच्छतागृहाकडे जायचं, तर तीच चार मुलं पुन्हा शोधायची. तोवर त्यांतली दोन चहाला गेलेली असतात, तिसरा पाहुण्यांच्या गाड्या लावत असतो आणि चौथा मोबाइलवर मैफलीचं शूटिंग करत असतो. खुर्ची बॅटरीवर चालणारी असेल, तर माणसासकट तिचं वजन दीडशे किलोच्याही पुढे जाऊ शकतं. पण मुलं अलगद उचलतात म्हणे.

या शहराला मापं घेता येत नाहीत, असं कुणी म्हणू नये. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवस शनिवार, खर्च १६,११० रुपये. त्याचा दिल्ली दरवाजा अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा आहे. शत्रूचा हत्ती धडक द्यायला आलाच, तर कवाडाच्या एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे ठोकलेले, तेही नेमके हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर. रोज पायी जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी कवाडातच वेगळी दिंडी. म्हणजे आपला हत्ती, परका हत्ती आणि साधा माणूस अशा तिघांचा वेगवेगळा विचार एकाच दरवाजात झाला. त्यासाठी कुणीतरी दोरी घेऊन खऱ्याखुऱ्या हत्तीसमोर उभं राहिलं असणार. आजच्या कार्यक्रमवाल्यांवर तो दरवाजा सोपवला असता, तर पहिल्याच बैठकीत प्रश्न आला असता : "महिन्याला हत्ती येतात किती? दोन हत्तींसाठी एवढा खर्च?" दुसऱ्या बैठकीत हत्तीने आदल्या दिवशी फोन करून कळवावं, असा ठराव झाला असता. तिसऱ्या बैठकीत वाड्याच्या मूळ सौंदर्याला बाध येतो म्हणून दरवाजा पाच फुटांचा ठेवायचं ठरलं असतं. आणि मोहिमेवरून परतलेला हत्ती दारात थबकून सोंड हलवू लागला की आतून कुणीतरी धावत आलं असतं : "अहो, एकच तर पायरी आहे! आपली चार मुलं आहेत ना!"

हत्तीचं माप घ्यायला कुणी कंटाळलं नाही. खुर्चीसाठी मात्र टेप काढायलाही कुणाला सवड नाही. माप तर हत्तीपेक्षा किती तरी सोपं. साधी व्हीलचेअर सव्वादोन फुटांच्या आसपास रुंद असते, दरवाजा ९०० मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम तीन फुटांचा हवा. रॅम्पचा उतार एकास बारा : एक इंच चढायला बारा इंच लांबी. पायरी सहा इंचांची असेल, तर सहा फुटांची फळी. संपलं गणित. चौथीतल्या पोराला येईल.

पण फळी म्हटलं की हेरिटेज आडवं येतं. "जुनी वास्तू आहे हो, हात लावता येत नाही." खरंच आहे, संरक्षित वास्तूंसाठी १९५८चा कायदा आहे, आणि दगडाला भोकं पाडू नयेत हे शहाण्या माणसाला कायद्याविनाही कळतं. मात्र याच दगडांना हात न लावता मैफलीच्या दिवशी लोखंडी सांगाडा उभा राहतो, रंगमंच बसतो, जनरेटर धडधडतो, मनगटाएवढ्या केबली अंगणभर पसरतात आणि शेकडो प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. त्यातली एकही खुर्ची 'हेरिटेज'च्या आड येत नाही, कारण तिला चाकं नसतात.

आणि खरी गंमत पुढेच आहे. फळी असते! दुपारी साउंडवाल्यांचा टेम्पो येतो. स्पीकरच्या अवजड पेट्यांना खाली चाकं असतात, त्या उचलायच्या म्हटलं तर तीच चार मुलं कंबर धरून बसतील. म्हणून टेम्पोतून एक भक्कम फळी निघते, त्या एकुलत्या एका पायरीवर टेकते आणि स्पीकर दिमाखात घरंगळत आत जातात. स्पीकरने आदल्या दिवशी फोन केलेला नसतो. साडेपाचला फळी पुन्हा टेम्पोत जाते. सहाला काका येतात.

हेरिटेजचंच म्हणाल, तर अथेन्सचं ॲक्रोपोलिस म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळं असलेला खडकाळ कडा. पायथ्याशी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं खुलं दगडी नाट्यगृह, आधुनिक काळातही तिथे प्रयोग झाले आहेत. त्या कड्यावर व्हीलचेअरवाल्यांना नेणारी नवी लिफ्ट ३ डिसेंबर २०२० रोजी, जागतिक अपंग दिनाच्या मुहूर्तावर सुरू झाली. वर काँक्रीटच्या वाटा केल्या, त्यावरून पुरातत्त्वाच्या जाणकारांत कडाक्याचं भांडणही झालं. भांडोत बापडे. निदान माणसाला वर नेऊन भांडले! आपल्याकडे पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर लिफ्ट मागितलेली नाही. मागितली आहे फळी.

"पण असे प्रेक्षक येतातच कुठे?" हा सगळ्यात संतापजनक युक्तिवाद. यायची वाट बंद करायची आणि येत नाहीत म्हणून वाट काढायची नाही! २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. ते सगळे गाण्याचे शत्रू आहेत काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणूक आणि संस्कृतीचं स्वतंत्र कलम आहे. सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७मध्ये निघाले, जून २०२२मध्ये मुदत सरली. कायदा मोडला तर पहिल्या खेपेला दंड दहा हजार रुपयांपर्यंत, नंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. कुणी दया मागत नाहीये. पुढच्या रांगेत फुकट बसवा, शाल-श्रीफळ देऊन व्यासपीठावरून कौतुक करा, असंही कुणी म्हणत नाहीये. तिकीट काढलेल्या माणसाला आपल्या चाकांवर, आपल्या वेळेला आत यायचं आहे आणि गाणं जमलं नाही तर तसंच उठून जायचं आहे. कंटाळून मध्येच निघून जाणं हा तर अस्सल पुणेकराचा हक्क. चार मुलं गोळा करून तो बजावता येत नाही.

तेव्हा आयोजकांनो, पुढच्या मैफलीला एवढंच करा. स्पीकर आत गेले की फळी टेम्पोत टाकू नका. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, मधे झोल नसलेली, दोन्ही कडांना पट्टी मारलेली, कार्यक्रम संपून शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत पायरीवर राहू द्या. आणि त्या चार मुलांना बसून गाणं ऐकू द्या.